साडूंचं नाव विचारू नये

अख्ख्या सोलापूर शहरात स्वतःचं नाव गुप्त ठेवण्यासाठी माझ्या थोरल्या साडूंइतके कष्ट दुसऱ्या कुणी घेतले नसतील. गुन्हेगारसुद्धा घेत नाहीत. गुन्हेगार पकडला गेला की निदान पोलिसांना तरी नाव सांगतो. आमचे साडू तिथंही आधी पोलिसाचंच ओळखपत्र मागतील, ते उजेडात धरून उलटसुलट बघतील आणि "उद्या बघू" म्हणून निघून येतील. मी त्यांच्यावर लिहितोय हे कळल्यावर ते तातडीनं माझ्या दुकानात आले आणि मला बजावलं, "नाव टाकू नका. गाव टाकू नका. कारखान्याचं नाव टाकू नका. वय तर अजिबात न्हाय." मी म्हणालो, "मग उरलं काय?" त्यांनी थोडा विचार केला. "स्वभाव टाका की," ते म्हणाले, "स्वभावावर कुणी लोन देत न्हाय." तेव्हा वाचकहो, पुढं जे काही आहे तो निव्वळ स्वभाव आहे. तो त्यांच्यापाशी भरपूर आहे आणि अजून तरी कुणी चोरायचा प्रयत्न केलेला नाही.

त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. साडू टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होते, आता निवृत्त आहेत. माझं झेरॉक्स आणि छपाईचं लहानसं दुकान आहे, आणि साडूंच्या मते मी जगातल्या सगळ्यात धोकादायक धंद्यात आहे. "तुमी म्हणजे चोराला किल्ल्या पाडून देताय," असं ते मला गिऱ्हाइकांदेखत सांगतात. गिऱ्हाईक हातातलं रेशनकार्ड छातीशी धरून मागं सरकतं आणि पुढच्या दुकानात जातं. तिथं साडूंसारखे साडू नसल्यामुळे त्या दुकानदाराचं बरं चाललं आहे.

आमच्याकडे माणूस माणसाला भेटला की आधी चौकशी होते, मग ओळख. एसटीच्या बाकावर शेजारी टेकायचा अवकाश, "कुटले तुमी? आडनाव काय म्हणायचं? म्हंजे त्या अमक्यांचे कोण? पोरं किती? घर स्वतःचं का भाड्याचं?" हे सगळं होतं आणि मग समोरचा आपल्या डब्यातली शेंगाचटणी पुढं करतो. बँकांनी केवायसी केवायसी म्हणून आता कुठं ऊर बडवायला सुरुवात केली. आमच्याकडे ती पिढ्यानपिढ्या बाकावर बसून, शिवाय चटणीसकट होत आली आहे. एकदा मी आणि साडू स्टँडवर बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी रीतीप्रमाणे सुरुवात केली. "कुटले तुमी?" "हितलेच." "आडनाव?" "हाय एक." "करता काय?" "बसलोय." म्हातारबाबांनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि खाली ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. चटणी त्यांनी पलीकडच्या बाजूला तोंड करून एकट्यानंच खाल्ली. मला ती चटणी अजून आठवते, कारण तिला लसणाचा वास फार सुरेख होता.

पिठाच्या गिरणीत डबा ठेवायचा तर डब्यावर रंगानं नाव लिहिलेलं असतं. साडूंच्या डब्यावर तर नावाखाली घर नंबरही होता. हा डबा तासन्‌तास लोकांच्या नजरेसमोर उघड्यावर पडून असतो हे लक्षात आल्यावर त्यांनी पॉलिशपेपर आणला आणि एक अख्खा रविवार घालवून नाव घासून काढलं. त्याचा परिणाम असा झाला की ज्वारी त्यांची गेली आणि परत आली कुणाच्या तरी उपासाची भाजणी. अक्का दोन दिवस तव्यापुढं बसून पिठाला शिव्या देत होती. "म्या म्हणलं माझाच हात बिघडला," ती मला सांगत होती, "तर पीठच आमचं न्हाय की ओ." ज्यांच्याकडे साडूंची ज्वारी गेली त्या घरी उपासाच्या दिवशी काय झालं असेल याचा विचार मी करत नाही. साडूंना त्याची खंत नव्हती. आपली ज्वारी कुणी खाल्ली हे आपल्याला माहीत नाही, तसंच ती कुणाची खाल्ली हे त्यांनाही माहीत नाही, आणि सुरक्षितता म्हणतात ती हीच, असं त्यांचं म्हणणं पडलं.

जन्मतारखेच्या बाबतीत तर ते फारच कडक आहेत. नाव, जन्मतारीख आणि मोबाईल नंबर या तीन गोष्टी एकत्र सापडल्या की माणूस गेलाच, असं ते म्हणतात. आणि खरं सांगायचं तर त्यात काही चूक नाही. पण सावधगिरी म्हणून ते आपला वाढदिवस दरवर्षी वेगळ्या दिवशी साजरा करतात. तारीख आदल्या दिवशी जाहीर होते. एका वर्षी त्यांनी निवडलेला दिवस नेमका आमच्या सासऱ्यांच्या श्राद्धाचा निघाला. अक्कानं वडिलांचं पान वाढलं, हात धुतले आणि नवऱ्याला ओवाळलं. साडू औक्षण करून घेताना इतके समाधानी दिसत होते की तो त्यांचा खरा वाढदिवस नव्हता याची मला पूर्ण खात्री पटली.

कुठंही आधारची झेरॉक्स द्यायची तर तिच्यावर ती कशासाठी दिली ते लिहावं, तारीख घालावी, आडवी सही करावी. हे शहाणपण मीही आता गिऱ्हाइकांना सांगतो, आणि ते मला साडूंनीच शिकवलं. फक्त साडू एवढ्यावर थांबत नाहीत. "ही प्रत फक्त गॅसची टाकी मिळण्यासाठी असून" अशी त्यांची सुरुवात होते, आणि पुढं ही प्रत कर्जासाठी, सिमकार्डासाठी, गाडीसाठी, जागेसाठी, जामिनासाठी व अन्य कोणत्याही ज्ञात-अज्ञात कारणासाठी वापरल्यास काय काय होईल याचं वर्णन येतं. ते वर्णन फोटोवरून जातं, पत्त्यावरून जातं आणि समासात वळून परत वर चढतं. गॅसच्या दुकानातल्या मुलीनं तो कागद एकदा उभा धरला, एकदा आडवा धरला आणि शेवटी अगदी नम्रपणे विचारलं, "काका, ह्यात तुमी कुटं हाय?" टाकी त्या महिन्यात उशिरा मिळाली. साडूंनी त्या मुलीचं मात्र तोंड भरून कौतुक केलं, कारण तिनं नीट बघितल्याशिवाय कागद घेतला नव्हता.

माझ्या दुकानात रोज कुणीतरी मशीनच्या काचेखाली स्वतःला विसरून जातं. कुणाचं पॅनकार्ड राहतं, कुणाचं पासबुक. झेरॉक्स नेतात आणि माणूस माझ्याकडे ठेवतात. बिघडलेल्या प्रती तर टोपलीत पडलेल्याच असतात. एके दिवशी साडूंनी कोपऱ्यावरच्या गाड्यावर भजी घेतली आणि भज्यांखालच्या तेलकट कागदावर एका बाईंचा फोटो, जन्मतारीख आणि पूर्ण पत्ता निघाला. तो कागद माझ्या दुकानातला नव्हता, हे मी शपथेवर सांगायला तयार होतो. त्यांनी शपथ मागितली नाही, टोपली मागितली. तेव्हापासून आठवड्यातून एकदा ते येतात, टोपलीतल्या सगळ्या प्रती पिशवीत भरतात, घरी नेतात आणि तांब्याच्या बंबात घालतात. साडूंच्या घरी आंघोळीचं पाणी लोकांच्या पॅनकार्डांवर तापतं. पाणी उत्तम तापतं असं अक्का म्हणते.

हे गृहस्थ जन्मापासून असे होते असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. पूर्वी त्यांच्यापाशी गुप्त म्हणून काही नव्हतंच. दूधवाल्याला त्यांचा पगार माहीत होता, न्हाव्याला त्यांची रक्तातली साखर माहीत होती. निवृत्त झाले त्या दिवशी मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला: काळा गॉगल घातलेला साडूंचा भव्य फोटो, खाली पूर्ण नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर, आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून कट्ट्यावरच्या सगळ्या मित्रांची नावं, त्यांच्याही नंबरांसकट. साडू रोज संध्याकाळी तो फ्लेक्स बघायला जायचे. पुढं गृहोपयोगी वस्तूंच्या एका प्रदर्शनात सोडत होती. आधारची झेरॉक्स, एक फोटो आणि एक सही दिली की मिक्सर लागण्याची संधी. साडूंनी दिली. त्यांना प्लास्टिकचा टिफिन लागला, आणि तो त्यांनी सगळ्यांना दाखवला.

काही महिन्यांनी फोन सुरू झाले. साडूंच्या नावावर कुणीतरी मोबाईलवरून कर्ज काढलं होतं. कागद त्यांचे, फोटो त्यांचा, सही त्यांची. पैसे तेवढे दुसऱ्याचे. कर्जाला ओळखीचे म्हणून जे लोक दिले होते ते सगळेच्या सगळे फ्लेक्सवरचे शुभेच्छुक. साडू "मी काढलं न्हाय" म्हणायला लागले तसे वसुलीचे फोन शुभेच्छुकांना जाऊ लागले. मग शुभेच्छुकांच्या मोबाईलवर तोच गॉगलवाला फोटो आला, त्यावर लाल अक्षरांत 'चोर' लिहिलेलं. मी त्यांच्याबरोबर सायबर पोलिसांकडे गेलो, तक्रार दिली, कंपनीला पत्रं गेली, आणि बऱ्याच हेलपाट्यांनंतर कंपनीनं मान्य केलं की हा माणूस तो माणूस नव्हे. कागदोपत्री सगळं स्वच्छ झालं. पण मधल्या काळात साडू कट्ट्यावर गेले की बोलणं थांबायचं. मी एकदा त्यांच्याबरोबर होतो. त्यांच्यासाठी जागा करायला म्हणून दोघं सरकले, आणि जरा जास्तच सरकले. वर्षाच्या आत त्यांनी ते घर सोडलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड केलं. मला तेव्हा त्यांची फार दया आली होती, आणि अजूनही येते, म्हणून मी त्यांची टिंगल जरा बेतानं करतो.

नव्या घरी आल्यावर त्यांनी स्वतःभोवती कुंपणं घातली. आधारचे बोटांचे ठसे कुलूपबंद केले. लोक राशिभविष्य बघतात तसं ते आपल्या नावावर कुठं नवं कर्ज निघालंय का ते बघतात. हे सगळं योग्यच. पण त्यानंतर त्यांनी गल्ली शिकवायला घेतली. किराणावाला, समोरच्या काकू, कोपऱ्यावरचा पानवाला चाचा, प्रत्येकाला त्यांनी जवळ बसवून सांगितलं, "माझ्याबद्दल कुणी इचारलं तर म्हणायचं, असा माणूस हितं राहत न्हाय." मग परीक्षा. माझ्या एका मावसभावाला त्यांनी अनोळखी माणूस म्हणून गल्लीत पाठवलं. समोरच्या काकू पहिल्याच प्रश्नाला घसरल्या, "हितंच की, निळं गेट," म्हणून मोकळ्या झाल्या. त्यांना पुन्हा बसवावं लागलं. जे पास झाले त्यांच्या घरी अक्कानं केलेल्या कडक भाकऱ्या आणि चटणी बक्षीस म्हणून गेली. भाकऱ्या अक्काच्या हातच्या म्हटल्यावर गल्ली भराभर तयार झाली.

साडूंना एकच मुलगी. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते, शांत आहे, बापाचं सगळं ऐकते आणि त्यातलं योग्य तेवढंच करते. तिच्यासाठी होटगीचं एक स्थळ आलं. मुलगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला, वडील रेल्वेतून निवृत्त. बघण्याचा कार्यक्रम माझ्या घरी झाला, कारण अनोळखी माणसांना आपलं घर दाखवायला साडू तयार नव्हते. मुलाचे आईवडील आले, कांदेपोहे झाले, मुलगा-मुलगी गच्चीवर जाऊन बोलून आली आणि खाली येताना दोघांचेही चेहरे असे खुलले होते की पोहे उगाच केले असं मला वाटलं. पुढं दोघं फोनवर बोलू लागली. मुलगी कधी नव्हे ती गुणगुणताना दिसते असं अक्का माझ्या बायकोला सांगायची.

आता आपल्याकडे पसंती झाली म्हणजे सगळं झालं असं नसतं. चौकशी असते. घरातलं एक जाणतं माणूस न सांगता मुलीच्या गल्लीत येतं आणि घरात न शिरता दुकानात, टपरीवर, दारात बसलेल्या बायकांकडे विचारपूस करून जातं. मुलाचे चुलते अक्कलकोटकडचे, चौकशीच्या कामात मुरलेले. मध्यस्थांकडून पत्ता घेऊन ते गल्लीत आले. किराणावाल्याला त्यांनी साडूंचं पूर्ण नाव विचारलं. किराणावाला तांदूळ मोजत म्हणाला, "असा माणूस न्हाय हितं." समोरच्या काकूंनी या खेपेला अजिबात चूक केली नाही. "ते घर? ते रिकामंच हाय की कवापासनं." पानवाला चाचा म्हणाला, "इस नाम का कौन बी नै यहाँ, मियाँ." चुलते गोंधळले. समोरून एक गृहस्थ मेथीची पिशवी घेऊन येत होते, त्यांना त्यांनी शेवटचं म्हणून गाठलं आणि नाव सांगून विचारलं, "हे कुटं राहतेत?" गृहस्थांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्या नावाचा माणूस," ते म्हणाले, "मी तर जन्मात बघितला न्हाय."

ते गृहस्थ म्हणजे आमचे साडू. एका भामट्याला पूर्ण गल्लीनं मिळून पिटाळल्याच्या आनंदात ते घरी आले, अक्काला मेथी दिली आणि किराणावाल्याकडे लाडू पाठवले.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थांचा फोन आला. होटगीकर म्हणत होते की तुम्ही आम्हाला खोटा पत्ता दिला, खोटी माणसं दाखवली, बघायलाही दुसऱ्याच्या घरी बोलावलं. पोरगी बरी वाटली पण हे घराणं आहे तरी का, हेच कळेना. इथंच थांबू. अक्कानं स्वयंपाकघरात जाऊन डोळ्याला पदर लावला. मुलगी रडली नाही. तिनं वडिलांना एवढंच म्हटलं, "बाबा, तुमी लपलात तवा मीबी तुमच्यासंगं लपले. मला त्याचं काय वाटलं न्हाय. पण आता मला कुणीतरी शोधत आलंवतं." एवढं बोलून ती लॅबला निघून गेली.

साडू माझ्या दुकानात आले आणि बाकावर बसले. टोपलीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "होटगीला येता का माझ्यासंगं?" मी शटर ओढलं आणि स्कूटर काढली. वाटेत मी त्यांना धीर देण्यासाठी दोन-चार विनोद केले, ते सगळे वाऱ्यावर गेले.

दार मुलाच्या वडिलांनी उघडलं. चुलते आत खुर्चीवर होते. "बर्री," असं कानडीतून स्वागत तोंडातून निघेपर्यंत त्यांनी साडूंना ओळखलं आणि अर्धवट उठलेले ते तसेच खाली बसले. "हे तर ते मेथीवालं," ते भावाला म्हणाले. साडू उभेच राहिले. "व्हय," ते म्हणाले. "मी कोण ते सांगायला आलोय." आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. कित्येक वर्षांनी त्यांच्या तोंडून ते पूर्ण ऐकताना मलाच चमत्कारिक वाटलं. मग गाव सांगितलं. वडील मागावर होते, आई विड्या वळायची, हे सांगितलं. जन्मतारीख सांगितली, आणि ती खरी होती. मग ते मूळ गोष्टीवर आले. "मिक्सरच्या सोडतीपायी आधारचा कागद दिलावता, त्यावर कुणीतरी माझ्या नावावर लोन काढलंवतं," ते म्हणाले. "मी काढलं न्हाय. कंपनीनं चूक कबूल केल्याचा कागद हाय घरी. आणला न्हाय. कागद काय, कुणीबी कुणाचाबी काढतंय." माझ्या धंद्याचा असा पाणउतारा एरवी मी सोसला नसता. "पण तेवढ्या दिसांत लोकांनी माझ्याकडं जसं बघितलं, ते मला पुन्ना बघायचं नव्हतं. म्हणून वाटलं, आपलं नाव कुणाच्या तोंडातच नको. नावच न्हाय तर त्याला डाग कसा लागंल? गल्लीला मीच तसं शिकवलंय. तुमाला खोटं मी बोललो. पोरगीचा ह्यात काय दोष न्हाय. ती चांगली हाय." चुलते छताकडे बघू लागले.

मुलाची आई इतका वेळ दाराआड होती. ती पुढं आली. "मिक्सरपायी दिला म्हणता कागद?" मी बाजूनं टिफिनची हकीकत थोडक्यात सांगितली. "आमच्या ह्यांनी कुकरपायी दिलाय," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "दोनदा." रेल्वेतून निवृत्त झालेल्या त्या सज्जन माणसानं एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघायला सुरुवात केली. मग ती दिराकडे वळली. "भावजी, तुमी म्हणला गल्लीनं तोंड उघडलं न्हाय. ह्या माणसापायी अख्खी गल्ली खोटं बोलली की ओ. आमच्या गल्लीत आमच्याबद्दल कुणी खरं बी चांगलं बोलंना. बसा तुमी, उभं का?" साडू बसले. चहा आला. चहात साखर फार होती आणि साडूंनी, रक्तात साखर असताना, सगळा प्याला.

पत्रिका अर्थात माझ्याच दुकानात छापली. प्रूफ तपासायला साडू आले तेव्हा मी तयारीत होतो, कारण मराठी लग्नपत्रिका म्हणजे चोराला घरपोच दिलेली माहिती असते: आजोबांपासून मामांपर्यंत सगळी नावं, गावं, नंबर. साडूंनी चष्मा लावून सगळं वाचलं. नंबर तेवढे काढायला लावले. मग स्वतःच्या नावावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "हे जरा ठळक घेता का?" मी घेतलं. लग्नात गल्ली झाडून हजर होती, आणि समोरच्या काकू दिसेल त्याला न विचारता सांगत होत्या की निळ्या गेटासमोर आम्हीच राहतो.

परवा दुपारी साडू दुकानात बसले होते. त्यांचा फोन वाजला. कारखान्यातल्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्या फोनवरचं बोलणं सगळ्या दुकानाला ऐकू जातं. मुलगी होती. "बाबा, मोबाईलवर ओटीपी आला आसंल बघा. तेवढा सांगा."

"कशाचा?"

"हितं सेवा केंद्रात बसलोय आमी. नाव बदलायचा अर्ज भरतोय. नंबर अजून तुमचाच जोडलेला हाय ना."

"कंचं नाव?"

"मधलं, बाबा."

मधलं म्हणजे त्यांचं. साडूंनी फोन कानापासून काढला, स्क्रीनकडे बघितलं, परत कानाला लावला. "बदलायलाच लागतंय का?"

"तशी सक्ती न्हाय कुणाची. पण एका कागदावर एक अन् दुसऱ्यावर दुसरं, असं ठेवायचं न्हाय म्हणून तुमीच सांगता की."

"ते बराबर हाय." त्यांनी मेसेज उघडला. "हितं लिवलंय, हा नंबर कुणालाबी सांगू नका."

"मी कुणीबी हाय का, बाबा?"

"न्हाय, न्हाय," ते म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि एकेक आकडा वाचू लागले. प्रत्येक आकड्यानंतर थांबत होते, पलीकडून ती तो परत म्हणत होती. शेवटच्याला त्यांनी जरा वेळ लावला. तिनं घाई केली नाही.

"झालं का?"

"झालं, बाबा."

"मग नंबरबी तुझाच घालून घे आता. माझ्याकडं कशाला यायला पायजे."

"घालते. जेवलात का?" तिनं विचारलं. जेवलो, म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते जेवले नव्हते.

मी काहीतरी तिरकस बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मलाही वाटलं होतं. मी फडकं घेऊन मशीनची काच पुसायला लागलो. साडू बराच वेळ त्या मोबाईलकडे बघत होते.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "त्या लोनवाल्यानं नाव नेलं तवा तक्रार तरी लिवता आली. हे तर मीच वाचून दाखवलं."